सुमनताईंची शिवरात्र

माझ्या नावाने छापून आलेलं पुष्कळ आहे. हे कुठेच छापलेलं नाही, कुठे बोललेलोही नाही. बायकोला माहीत नाही. माझ्या हाताखाली शिकून आता स्वतः विभागप्रमुख झालेल्यांना माहीत नाही. आणि ज्यांना सगळ्यात आधी कळायला हवं होतं — त्यांना तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतोय? तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल. किंवा पासष्टी उलटली की दुपारची झोप लागेनाशी होते आणि माणूस नको ते आठवत बसतो, म्हणूनही असेल. काही का असेना, बसलोय खरा लिहायला.

थोडं आडवळणाने सांगेन, चालेल ना? सरळ सांगायला गेलो तर पुन्हा शेपूट घालीन. आजवर दर वेळी घातलं आहे.

मी मूत्रपिंडांच्या आजाराचा डॉक्टर. डायलिसिस म्हणजे काय ते हल्ली फारसं समजावून सांगावं लागत नाही. मूत्रपिंडं काम करेनाशी झाली की रक्त यंत्रातून गाळून परत शरीरात सोडायचं, आठवड्यातून दोनदा-तीनदा, जन्मभर. त्यातला एक लहानसा कोपरा मी आयुष्यभर धरून बसलो — उपवासाचे पदार्थ. रताळी, शेंगदाणे, खजूर, केळी, बटाटे. धडधाकट माणसाला उत्तम. पण ज्याची मूत्रपिंडं गेली त्याच्या रक्तात या सगळ्यातलं पोटॅशियम साचत जातं, आणि फार साचलं की हृदय थांबतं. आगाऊ सूचना न देता थांबतं. हे मी मोजलं, लिहिलं, देशोदेशी जाऊन सांगितलं. परिषदांमधले मित्र मला 'रताळ्याचा डॉक्टर' म्हणायचे. मी वरवर चिडायचो आणि आतून खूश व्हायचो. तुम्ही एखाद्या डायलिसिस सेंटरच्या भिंतीवर 'उपवासाला काय खाऊ नये' असा मराठी तक्ता पाहिला असेल, तर तो मुळात मी केलेला आहे.

आणि त्या तक्त्यामागे एक गोष्ट आहे. ती मी शंभर व्यासपीठांवर सांगितली असेन. काळाचौकीची एक बाई, डॉक्टरला न विचारता तिने महाशिवरात्रीचा उपवास धरला, दुसऱ्या दिवशी गेली, आणि तिच्यामुळे मी या विषयाकडे वळलो. सभागृह शांत व्हायचं. छान सांगायचो मी. सवयीने आणखी छान होत गेली ती गोष्ट.

पण आधी परळची ती खोली सांगू द्या. तिच्याशिवाय पुढचं तुम्हाला कळणार नाही, आणि खोटं कशाला बोलू, तिची आठवण काढायला मला आवडतं. धर्मादाय रुग्णालयाची जुनी दगडी इमारत, दुसरा मजला, चार यंत्रं. चारच! खिडकीतून एका बंद गिरणीची चिमणी दिसायची, तिच्यावर पिंपळ उगवलेला. शेजारच्या मोरीत आमचा तंत्रज्ञ गावडे वापरलेली गाळणी धूत असायचा. तेव्हा एकच गाळणी पुन्हा पुन्हा धुऊन वापरत, आणि प्रत्येकीवर पेशंटचं नाव निळ्या शाईने लिहिलेलं असे, म्हणजे एकाची दुसऱ्याला लागायला नको. जंतू मारायला वापरायच्या फॉर्मॅलिनचा वास डोळ्यांत झोंबायचा. आता सगळं चकचकीत आहे, वास येत नाही. मला मात्र तो वास कधीकधी हवासा वाटतो, आता हसा तुम्ही.

मी गिरगावातला. आमच्या घरात तीन पिढ्या कोर्टकचेरीत कागद खरडणारी माणसं. गिरगाव ते परळ अंतर किती? पण आमच्याकडे गिरणगावाबद्दल असं बोलत, जणू तिकडे जायला पासपोर्ट लागतो. मी तिथे नोकरीला लागलो आणि चार महिन्यांत त्या खोलीच्या प्रेमातच पडलो. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास, तीच माणसं एकमेकांशेजारी झोपणार, तेव्हा नाती जडणारच की. सोमवार-गुरुवारवाल्यांचा एक कंपू, मंगळवार-शुक्रवारवाल्यांचा दुसरा, आणि दोघांत चक्क चुरस. कुणाच्या कंपूत वजन कमी वाढलं यावरून टोमणे. लघवी होत नसली की प्यायलेलं पाणी अंगात राहतं, म्हणून यंत्रावर घेण्याआधी प्रत्येकाला काट्यावर उभं करायचं. त्या काट्यासमोर भले भले खोटं बोलत. चप्पल जड आहे, सकाळचा नाश्ता झालाय, काटाच बिघडलाय. एक निवृत्त फौजदार होते, ते भिंतीला हळूच हात टेकवून उभे राहत.

सुमनताई परब तसं काही करत नसत. काट्यावर पाय ठेवायच्या आधीच त्या कबूल करून मोकळ्या व्हायच्या. दोन पेले जास्त झाले डॉक्टर, बारशाला गेलेले, सरबत दिलं, नाही म्हणवलं नाही. लोणच्याची फोड चाटली, खाल्ली नाही, नुसती चाटली. सबंध खोली हसायची. मूळच्या मालवणकडच्या, काळाचौकीच्या चाळीत लग्न होऊन आलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या, आवाज असा की खालच्या मजल्यावर कळावं आज सोमवार आहे. त्यांचे यजमान दत्ताराम परब गिरणीत साचेवाले होते, म्हणजे माग चालवायचे. गिरणी बंद पडल्यावर फोर्टातल्या एका कचेरीत लिफ्टमन झाले. बायकोला सोडायला यायचे आणि तिची चार तासांची झोप होईस्तोवर बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायचे. त्या दोघांचं मला फार अप्रूप होतं. आत-बाहेर बसून दरवाजातून भांडायचे, भाजी किती आणायची यावरून.

पथ्याचा एक कागद आम्ही प्रत्येकाला देत असू. तो मीच टाइप केलेला, एका इंग्रजी पुस्तकातली यादी जशीच्या तशी उतरवून. संत्र्याचा रस नको, केळं नको, जर्दाळू नको, ॲव्होकाडो नको. काळाचौकीत ॲव्होकाडो! सुमनताईंनी लेकाकडून तो कागद वाचून घेतला आणि दुसऱ्या खेपेला भर खोलीत मला विचारलं, "ह्यो अवोकाडो खंय गावता ओ, डॉक्टर? सोडूचो तर सोडूचो, पण एकदा बघूक तरी होयो." मीही हसलो. हसण्याऐवजी तो कागद फाडून नवा लिहायला घेतला असता तर? पण तेव्हा मला वेळ कुठे होता. मला लेक्चररची जागा हवी होती.

त्या कागदावर रताळं नव्हतं. शेंगदाणे नव्हते. लिहिणाऱ्याच्या देशात शिवरात्र नव्हती.

आणि सुमनताई सगळं विचारायच्या. सगळं म्हणजे सगळं. केसांना मेंदी लावू का, शिमग्याला गावी चार दिवस जाऊ का, जत्रेत उभं राहिलं तर चालेल का. मी होय म्हटलं की होय, नाही म्हटलं की नाही. डॉक्टर झाल्यावर असं ऐकणारं कुणी भेटलं की फार बरं वाटतं हो. डोक्यात जातं ते.

आता येतोच.

तो गुरुवार होता. दुपारचे दोन वाजले असतील. सुमनताईंचं डायलिसिस संपलं होतं, सुया काढून झाल्या होत्या, त्या हातावर कापूस दाबून पलंगावर बसल्या होत्या. गावडे मोरीत होता, नळ चालू होता. सिस्टर जेवायला गेली होती. शेजारच्या पलंगावरचे फौजदार घोरत होते. मी टेबलाशी बसून लेक्चररच्या जागेचा अर्ज भरत होतो, त्यात केलेल्या संशोधनाची यादी मागितली होती आणि माझ्याकडे लिहायला जवळजवळ काहीच नव्हतं. मी वैतागलेलो होतो. सुमनताईंनी विचारलं, शनिवारी शिवरात्र आहे, दर वर्षी धरते, धरू का?

मान वर न करता मी म्हणालो, "धरा की. एक दिवस कमी खाल्लंत तर बरंच आहे."

कमी खाल्लंत. तुमच्या लक्षात येतंय का? मी गिरगावातल्या घरात वाढलो. उपवासाला माझ्या पानात काय काय पडायचं ते मला पाठ होतं — रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, बटाट्याच्या काचऱ्या, वर केळ्याचं शिकरण. आम्ही भावंडं उपवासाची वाट बघत असू! पण त्याला आमच्याकडे खाणं म्हणायची पद्धत नाही. दुपारी तुडुंब फराळ केलेला माणूस संध्याकाळी सांगतो, आज काही खाल्लेलं नाही. मी एवढं शिकलो, पोटॅशियमवरचे धडे तोंडपाठ केले, आणि माझ्या डोक्यात रताळं कधी पोटॅशियमच्या रकान्यात आलंच नाही. ते उपवासाच्या रकान्यात होतं. पदव्या घेऊनही मी त्या बाबतीत आईच्या स्वयंपाकघरातला मुलगाच राहिलो होतो.

एक प्रश्न उलटा विचारायचा होता फक्त — काय खाणार आहात? तीन शब्द.

त्या खूश झाल्या. पदर खोचून उठल्या, बाहेर गेल्या. दारातून त्यांचा आवाज आला, नवऱ्याला काहीतरी सांगत होत्या, तो हसला. काय सांगत होत्या ते मी ऐकलं नाही. म्हणजे — तेव्हा कान दिला नाही.

रविवारी मी रुग्णालयातच होतो, ग्रंथालयात, त्याच अर्जासाठी. अकराच्या सुमारास खालून बोलावणं आलं. परबांनी टॅक्सीतून आणलं होतं. सकाळपासून पाय उचलत नव्हते, म्हणाले. सुमनताईंचा तो आवाज नव्हता, नुसती कुजबुज होती. हृदयाचा आलेख काढला आणि कागद माझ्या हातात आला तेव्हा मला कळलं. पोटॅशियम चढल्यावर पुस्तकात दाखवतात तसा, तंतोतंत. इंजेक्शनं देत देत मी परबांना विचारलं, काल काय खाल्लं यांनी? ते सांगत गेले. भाबडेपणाने, काही वगळायला नको म्हणून आठवून आठवून. रताळी उकडलेली. रताळ्याच्या गोड फोडी. शेंगदाण्याचं कूट घातलेली बटाट्याची भाजी. खजूर. लालबागच्या बाजारातून मीच आणलं सगळं, म्हणाले, ताजं होतं, एकही खराब नव्हतं.

यंत्रावर घ्यायला वेळच मिळाला नाही. बारा वाजायच्या आत सगळं आटोपलं.

त्या शेजारच्या खोलीत होत्या, पांढऱ्या चादरीखाली, आणि मी टेबलाशी उभा राहून केसपेपर लिहिला. मी लिहिलं — रुग्णाने वैद्यकीय सल्ल्याविना उपवास केला. का लिहिलं? कुणी विचारलं नव्हतं. कुणी ऐकलं नव्हतं. तेवढा रकाना कोरा सोडला असता तरी चाललं असतं. पण माणूस घाबरला की आधी स्वतःचं अंग झाकतो, आणि मी घाबरलो होतो, हे एवढं खरं आहे.

सोमवारच्या बैठकीत आमच्या सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, विचारलं, उपवास करू नका असं यांना सांगितलं होतं का? मी म्हणालो, त्यांनी विचारलंच नाही सर. सरांनी च्यक् केलं. म्हणाले, हे लोक विचारत नाहीत. आणि मग म्हणाले, पण तू यावर काम का करत नाहीस? कुणी केलेलं नाही. बघा, कसं जुळून आलं. माझ्या अर्जातला रिकामा रकाना भरायची सोय झाली.

इथेच थांबलं असतं तरी — नाही, असं म्हणायला नको. सांगायचं ते अजून पुढेच आहे.

तेरावं झाल्यावर दत्ताराम परब आले. आमच्याकडे एक रीत होती, कुणी लिहून न ठेवलेली. माणूस गेलं की घरचे लोक उरलेली रक्तवाढीची इंजेक्शनं परत आणून देत, दुसऱ्या कुणा गरिबाला लागतील म्हणून. ती थंड ठेवावी लागतात. परब जेवणाच्या डब्यात बर्फ घालून, वर फडकं गुंडाळून घेऊन आले होते. काळाचौकीहून चालत, उन्हातून. डबा टेबलावर ठेवला, बर्फाचं बरंचसं पाणी झालं होतं. सोमवार होता, सुमनताईंच्या खिडकीकडच्या पलंगावर नवीन पेशंट होता. परबांनी तिकडे एकदा पाहिलं. मग खुर्चीत बसले आणि टेबलाच्या कडेकडे बघत मला विचारलं —

"डॉक्टर, तिने तुम्हाला विचारलेलं का ओ? उपासाचं?"

त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता. तुम्हाला वाटेल मी आता तसं म्हणतोय, पण खरंच नव्हता. मी हो म्हटलं असतं तर तो माणूस कदाचित रडला असता, कदाचित चिडला असता, आणि मग उठून घरी गेला असता. तक्रार करणाऱ्यांतला नव्हता तो. आणि समजा केली असती, तर? मला ती जागा मिळाली नसती. इतकंच. दुसरं काय झालं असतं माझं?

मी म्हणालो, "नाही, विचारलं नव्हतं."

ते म्हणाले, "मग माझ्याशी खोटं बोलली ती. मला म्हणाली, डॉक्टरांनी हो म्हटलंय. म्हणून तर मी बाजारात गेलो."

तेव्हा मला कळलं, त्या गुरुवारी दारात त्या काय सांगत होत्या.

काट्यावर चढायच्या आधी लोणच्याची चाटलेली फोडसुद्धा कबूल करणारी बाई. तिच्याबद्दल तिचा नवरा माझ्यासमोर बसून हे बोलत होता. आणि माझ्याकडे अजून वेळ होता. ते उठले, डबा रिकामा करून मागितला, मी सिस्टरला सांगून तो धुऊन दिला, ते दारापर्यंत गेले — दारापर्यंत जायला एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाला किती वेळ लागतो? तेवढा सगळा वेळ माझ्याकडे होता. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो.

लेक्चररची जागा मला मिळाली. उपवासाच्या पदार्थांवरचा पहिला निबंध छापून आला, त्यात सुमनताई 'पहिली रुग्ण' होत्या, आणि वैद्यकीय सल्ल्याविना हे शब्द इंग्रजीत होते. पुढची वर्षं मी झपाटल्यासारखं काम केलं. रताळी किती उकडली की किती पोटॅशियम उतरतं, पाणी किती वेळा फेकायचं, सगळं मोजलं. गावडेने प्रयोगशाळेसाठी इतकी रताळी सोलली की त्याला ती दिसली तरी नको व्हायची. ते दिवस — कसं सांगू — ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस होते. दुपारी परळच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळ खायची, वाद घालायचे, परत येऊन आकडे लिहायचे. त्या कामाने माणसं वाचली. पण ते मी इथे सांगितलं की त्याचा वजनकाटा होतो, एका पारड्यात हे, दुसऱ्यात ते. मला तसं काही मांडायचं नाही.

मग आम्ही पेशंटांचे मेळावे भरवायला लागलो, शिवरात्रीच्या आधी एक, आषाढीच्या आधी एक. पहिल्याच मेळाव्याला परब आले. बोलावलं नव्हतं. सगळ्यात मागे बसले होते, आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी उठून उभे राहिले. म्हणाले, माझी बायको याच दवाखान्यात यायची. डॉक्टरांना विचारलंय असं मला खोटं सांगून तिने उपास धरला. मी तिच्या शब्दावर राहिलो. तुम्ही राहू नका. घरचं माणूस कितीही खरं वाटलं तरी स्वतः येऊन डॉक्टरांना विचारा.

लोकांचे डोळे भरून आले. सरांनी मला कोपराने ढोसलं — या गृहस्थांना दर वर्षी बोलवायचं.

आणि दर वर्षी बोलावलं. किती वर्षं? अकरा-बारा तरी. मी व्यासपीठावर, गळ्यात ओळखपत्र, पुढ्यात पाण्याची बाटली. ते खाली माईकसमोर, इस्त्री केलेल्या शर्टात, आपली बायको खोटं कशी बोलली ते सांगताहेत. सांगून झालं की माझ्याकडे बघून हात जोडायचे. मीही जोडायचो. 'स्वतः येऊन डॉक्टरांना विचारा' हे वाक्य मी त्यांच्याकडून उचललं आणि तक्त्याच्या तळाला छापलं. कसं वाटायचं मला? पहिल्या वर्षी रात्री जेवण गेलं नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून काही वाटत नव्हतं. हेच मला सगळ्यात भयंकर वाटतं आता, की तेव्हा काही वाटत नव्हतं.

मग ते यायचे थांबले. गुडघे गेले, असं कळलं. दोन-तीन वर्षांपूर्वी मी एकदा काळाचौकीला गेलो, निवृत्त झाल्यावर. चाळ पडून तिथे टॉवर झालाय, परबांना सतराव्या मजल्यावर घर मिळालेलं. फार आनंद झाला त्यांना. लिफ्टमन होतो, आता लिफ्टने फुकट वर-खाली करतो, असं म्हणून हसले. सुनेने चहा दिला. जुन्या खोलीच्या गप्पा निघाल्या, फौजदारांच्या, गावडेच्या, आम्ही दोघं पोट धरून हसलो. भिंतीवर सुमनताईंचा फोटो होता, ताजा हार घातलेला. मी म्हटलं, रोज घालता?

"रोज. शिवरात्रीला सोडून. त्या दिवशी आमचं बोलणं बंद असतं."

हसतच म्हणाले ते. पण मग खिडकीकडे बघत म्हणाले, का खोटं बोलली हेच समजत नाही डॉक्टर, मी काय नाही म्हणणार होतो? सून आत होती, आम्ही दोघंच बाहेर. सर माझे कधीच वारले होते, नोकरी संपली होती, गमवायला काही म्हणजे काही उरलं नव्हतं. मी चहा संपवला. गुडघ्यासाठी एक तेल सुचवलं. उतरताना लिफ्टच्या आरशात बघायचं टाळलं.

गेल्या वर्षी परब गेले. मला उशिरा कळलं. भेटायला गेलो तो नेमका शिवरात्रीचा दिवस होता, माझ्या ध्यानातही नव्हतं, जाताना लालबागच्या बाजारात रताळ्यांचे ढीग दिसले तेव्हा आठवलं. भिंतीवर आता दोन फोटो होते. परबांच्या फोटोला झेंडूचा हार. सुमनताईंच्या फोटोला काही नाही. मुलगा ओशाळून म्हणाला, बाबांची पद्धत होती, आम्हीही तशीच ठेवली आहे. त्याची मुलगी शाळेचा अभ्यास करत जमिनीवर बसली होती, दहाएक वर्षांची असेल. तिने वहीतून डोकं वर काढून मला समजावून सांगितलं — आजी खोटं बोललेली ना, म्हणून.

तिच्या बोलण्यात काहीच नव्हतं. कुणी उंच होतं, कुणी गोरं होतं, तशी आजी खोटं बोललेली. तिच्या जन्माच्या कितीतरी आधी गेलेली आजी. तिच्याबद्दल त्या पोरीला ठाऊक असलेली ती एकच गोष्ट असावी.

मी तेव्हाही काही बोललो नाही. मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघालो.

इथे मी नावं बदललेली नाहीत. ते घर मराठी वाचणारं आहे.

सुमन दत्ताराम परब यांनी गुरुवारी दुपारी, डायलिसिस झाल्यावर, मला उपवासाचं विचारलं होतं. मी धरा म्हणालो होतो. त्यांनी घरी सांगितलं ते खरं होतं.